खांबापासून माजघरापर्यंत

फायबर इंटरनेटमध्ये माहिती विजेच्या रूपाने येत नाही, प्रकाशाच्या रूपाने येते. तिची वाट म्हणजे काचेचा एक तंतू. त्याचा व्यास १२५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा हिस्सा. त्यातही प्रकाश ज्या गाभ्यातून धावतो तो जेमतेम ९ मायक्रॉनचा असतो. हा तंतू रस्त्याकडेच्या खांबापर्यंत आणणे हे कंपनीचे किंवा सरकारचे काम. खांबापासून माजघरापर्यंतचे शेवटचे पन्नास-शंभर हात मात्र घरमालकाच्या अंगणातून, वळचणीखालून आणि भिंतीतून जातात. रायगड जिल्ह्यातल्या कर्जत-खालापूरसारख्या धुवाधार पावसाच्या मुलखात जोडणी टिकणार की दर श्रावणात बंद पडणार, हे बहुतेक वेळा या शेवटच्या टप्प्यातच ठरते.

ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची केंद्राची योजना ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली. २०१५ पासून ती भारतनेट या नावाने ओळखली जाते. महाराष्ट्रात तिच्या दुसऱ्या टप्प्याचे काम महानेट या नावाने झाले. सुरुवातीला लक्ष्य होते ते पंचायतीचे कार्यालय. पण कार्यालयाच्या कपाटात लुकलुकणाऱ्या यंत्राचा घरात अभ्यास करणाऱ्या मुलीला काही उपयोग नसतो. ४ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने १,३९,५७९ कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर केला. त्यात दीड कोटी ग्रामीण घरजोडण्यांचे उद्दिष्ट आहे. शिवाय एका ठिकाणी केबल तुटली तरी दुसऱ्या बाजूने वाहतूक चालू राहावी म्हणून पंचायती वर्तुळाकार जोडण्याचे ठरले आहे.

कर्जत-खालापूरला अशा योजनांचा एक जुना अनुभव आहे. खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ मध्ये. सह्याद्रीवरून उतरलेल्या पाण्याची ती वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. पायथ्याच्या कित्येक वाड्यांत दिवा लागायला त्यानंतर कितीतरी दशके लागली. मुंबई-पुणे रेल्वेमार्गाच्या कडेने लांब पल्ल्याच्या फायबर केबलीही याच तालुक्यांतून जातात. दारावरून जाणारी गोष्ट या वेळी घरात यावी, आणि आली की टिकावी, एवढी अपेक्षा रास्त आहे.

घरापर्यंतच्या जाळ्याची रचना साधी आहे. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीच्या केंद्रातून निघालेला एक तंतू वाटेत स्प्लिटर नावाच्या छोट्या डबीत शिरतो आणि त्यातला प्रकाश ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. घरातले यंत्र, ज्याला तंत्रज्ञ ओएनटी म्हणतात आणि लोक मॉडेम, त्या प्रकाशाचे पुन्हा विजेच्या संकेतात रूपांतर करते. स्प्लिटरला वीज लागत नाही. वीज लागते ती केंद्रात आणि घरात, फक्त दोन टोकांना. त्यामुळे गावातली लाइट गेली तरी केंद्राला पर्यायी वीज असेल आणि घरातल्या यंत्राला छोटी बॅटरी असेल, तर इंटरनेट चालू राहते.

वाटेत प्रकाश किती कमी झाला हे डेसिबलमध्ये मोजतात. तीन डेसिबल घट म्हणजे प्रकाश निम्मा. सरळ, धड तंतूत आठ-नऊ किलोमीटर जावे तेव्हा प्रकाश निम्मा होतो. तोच तंतू दाराच्या चौकटीपाशी काटकोनात दाबून खिळ्याने ठोकला, तर तेवढाच किंवा त्याहून जास्त प्रकाश बोटभर अंतरात वाया जातो. कनेक्टरच्या तोंडावर धुळीचा कण बसला तरी तेच. म्हणून घरातली तयारी हे शोभेचे काम समजू नये.

तयारीची सुरुवात पावसापासून करावी लागते. कर्जत-खालापुरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. झड येते ती नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून. त्या बाजूच्या भिंतींना पूर्वी पेंढ्याचे किंवा झावळ्यांचे झाप बांधत, आता ताडपत्री लावतात. ज्या भिंतीला झाप लागतो त्या भिंतीला केबलसाठी भोक पाडू नये. पूर्वेची किंवा आडोशाची भिंत निवडावी. भोक वळचणीच्या खाली असावे आणि पागोळ्यांचे शिंतोडे उडतात त्या पट्ट्याच्या बरेच वर असावे.

भोक पाडण्याची रीत नीट पाहण्यासारखी आहे. ड्रिल आतून बाहेर चालवावे आणि त्याला बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्यावा, म्हणजे चुकून शिरलेले पाणी आत न येता बाहेर ओघळेल. केबल खांबावरून आली की ती थेट भोकात घुसवायची नाही. भोकाच्या खाली वीतभर उतरवायची, तिथे सैल वळण द्यायचे आणि मग वर घेऊन आत न्यायची. केबलवरून घरंगळत आलेले पाणी त्या वळणाच्या तळाशी गोळा होऊन थेंबाथेंबाने जमिनीवर पडते. हे वळण दिले नाही, तर तीच केबल पाण्याची पन्हळ होते आणि पहिल्याच मोठ्या पावसात आतल्या भिंतीवर ओलीचा नकाशा उमटतो. केबल ओढून झाली की भोकाची दोन्ही तोंडे सिलिकॉनने बुजवावीत. नुसती पुट्टी एका उन्हाळ्यात तडकते आणि त्या फटीतून मुंग्या व वाळवी वाट काढतात.

भिंतीभिंतीत फरक असतो. विटांच्या किंवा सिमेंटच्या भिंतीत दहा-बारा मिलिमीटरचे भोक पुरते. कनेक्टर बसवलेली केबल त्यातून जाते. ड्रिल चालवण्याआधी आत विजेची वायर किंवा पाण्याचा पाइप नाही ना हे पाहावे आणि मेन स्विच बंद करावा. जुन्या कौलारू घरातली मातीची भिंत जाड असते, तिला लांब पाते लागते आणि धक्क्याने पोपडे निघतात. तिथे हात सावकाश चालवावा. ठाकूर-कातकरी वाड्यांतल्या कारवीच्या कुडाला तर भोक पाडण्याची गरजच नसते. कुडाचा वरचा काठ आणि वासे यांच्यात फट असते, तिच्यात प्लास्टिकच्या पाइपाचा तुकडा बसवून त्यातून केबल आत घेता येते.

नवे घर बांधणाऱ्याला हे सगळे फार स्वस्तात साधते. प्रधानमंत्री आवास योजनेच्या घरकुलाचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर. एवढ्या घराला गिलाव्याआधी भिंतीत २५ मिलिमीटरचा एक रिकामा पाइप घालायचा आणि त्यात ओढण्यासाठी नायलॉनची दोरी सोडून ठेवायची, एवढेच काम असते. पाइपाला काटकोनी एल्बो न लावता मोठ्या वळणाचे बेंड लावावेत. विजेचा पाइप वेगळा ठेवावा. प्रकाशाला विजेचा त्रास होत नाही हे खरे, पण दुरुस्तीला आलेल्या माणसाचा हात चालू वायरला लागू नये.

घराबाहेरची वाटही आधी चालून पाहावी. खांबापासून घरापर्यंतची ड्रॉप केबल झाडाच्या फांदीला बांधणे सोपे वाटते, पण वाऱ्यात फांदी हलते तशी केबल ताणली जाते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा झाडे आणि विजेचे खांब पडून जिल्ह्यातली कितीतरी गावे अंधारात गेली. झाडांच्या आधाराने जाणाऱ्या तारा अशा वेळी सगळ्यात आधी जातात. महावितरणच्या खांबाला परस्पर केबल बांधणे जिवावर बेतू शकते. केबल पाणंद ओलांडत असेल, तर पेंढ्याने भरलेला ट्रॅक्टर खालून जाईल एवढी उंची हवी. शेजाऱ्याच्या बांधावरून जात असेल, तर त्याला आधी विचारावे. तोंडी होकार पुरतो, पण तो केबल ओढण्याआधी घेतलेला असावा.

छपरावरून केबल नेण्याचा मोह कौलारू घरांत विशेष होतो. तो टाळलेला बरा. पावसाळ्याआधी दरवर्षी शाकारणीसाठी माणसे छपरावर चढतात, कौले सरकवतात, आणि वाटेत आलेली केबल पायाखाली जाते किंवा कौलाच्या धारेखाली चिरते. माकडांच्या उड्या वेगळ्याच. केबल वळचणीखाली भिंतीच्या कडेने, दर दोन हातांवर क्लिप मारून न्यावी. तिला आधाराची पोलादी तार असेल, तर ती बाहेरच्या हुकाशीच अडकवून तिथे तोडावी आणि घरात फक्त तंतूचा भाग घ्यावा. काच वीज वाहून नेत नाही, पोलाद नेते. आणि वैशाखातल्या वळिवात व हस्ताच्या पावसात इथे विजा कशा कडाडतात ते कोणाला सांगायला नको.

डोंगरउतारावरच्या वाड्यांचा प्रश्न जास्त नाजूक आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा बचावपथकांना डोंगर पायी चढून जावे लागले. जिथे गाडीरस्ता नाही तिथे केबलचा ड्रमही माणसांच्या खांद्यावरूनच जातो, आणि बिघाड झाला तर दुरुस्तीचे यंत्रही. अशा ठिकाणी जमिनीखालून केबल न्यायची झाली, तर चर उताराच्या सरळ रेषेत खणू नये. पावसात त्याचा ओहोळ होतो आणि माती वाहून जाते. चर आडवा न्यावा आणि माती भरून चोपून घट्ट करावी.

घराच्या आतला मोठा शत्रू उंदीर. भाताच्या कणग्या, पेंढा आणि लाकडी माळा असलेल्या घरात केबल माळ्यावरून नेली, तर ती वर्षभर टिकेल याची खात्री नाही. उंदीर काच खात नाही, पण दात घासायला त्याला प्लास्टिकचे वेष्टन आवडते. केसिंग-कॅपिंगच्या पट्टीतून, डोळ्यांना दिसेल अशा उंचीवरून केबल न्यावी. यंत्राजवळ दोन-तीन मीटर जादा केबल ठेवावी, म्हणजे पुढे टोक तुटले तर नवा जॉइंट मारता येतो. तिचे वेटोळे चहाच्या बशीपेक्षा लहान करू नये.

यंत्राची जागा ठरवताना सगळ्यांचे लक्ष टीव्हीच्या कपाटाकडे जाते. वायफायच्या लहरींना ते कोपऱ्यातले कपाट मुळीच मानवत नाही. कौले आणि लाकूड यांतून लहरी बऱ्यापैकी पार होतात. मातीच्या जाड भिंतीत त्या जिरतात. पत्रा आणि लोखंडी कपाट त्यांना परत फिरवतात. घराच्या मध्यावर, छातीच्या किंवा डोक्याच्या उंचीवर, चुलीच्या धुरापासून दूर अशी जागा उत्तम. उल्हास, पेज किंवा पाताळगंगेच्या काठच्या घरांनी भिंतीवरची पुराची जुनी रेषा पाहून तिच्या वर यंत्र लावावे. २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ पुराच्या पाण्यात अडकली, ते पाणी याच उल्हासचे होते.

यंत्राला बहुधा १२ व्होल्टचा अॅडॅप्टर लागतो आणि ते दहा वॉटच्या आसपास वीज घेते. दिवसरात्र चालू राहिले तरी महिन्याला सात युनिटांच्या आसपास होतात. एवढ्या कमी विजेवर चालत असल्यामुळे राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस काही तास पुरतो. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या लाइनवर एक प्लग काढून घ्यावा. मल्टिपिनच्या लोंबत्या वायरपेक्षा भिंतीतला पक्का सॉकेट हवा. विजा चमकू लागल्या की अॅडॅप्टर काढून ठेवावा. यंत्रापासून गोठ्यापर्यंत किंवा पडवीपर्यंत तांब्याची लॅन केबल ओढली असेल, तर तीही काढावी, कारण फायबरमधून न येणारा विजेचा झटका तिच्यातून येतो.

जोडणीच्या दिवशी घरातले कोणीतरी तंत्रज्ञाजवळ थांबावे. तंतूची टोके जोडण्याच्या दोन पद्धती आहेत: स्प्लायसिंग मशीनने काच वितळवून, किंवा हाताने बसवायचा फास्ट कनेक्टर लावून. दमट हवेत वितळवलेला जॉइंट जास्त टिकतो, म्हणून शक्य तिथे तोच मागावा. कनेक्टर सहसा हिरवा असतो, त्याचे तोंड आठ अंशांनी तिरके घासलेले असते. त्याला निळा जोडला की प्रकाश वाया जातो. तंतू कापताना काचेचे बारीक तुकडे पडतात, ते दिसतही नाहीत, आणि घरात अनवाणी पोरे व कोंबड्या फिरत असतात. ते तुकडे चिकटपट्टीवर टिपून डबीत टाकायला सांगावे. तुटक्या टोकात डोकावून पाहू नये. त्यातला प्रकाश अवरक्त असतो, दिसत नाही, पण डोळ्यात शिरतो.

निघण्यापूर्वी तंत्रज्ञ मीटर लावून प्रकाशाची पॉवर मोजतो. आकडा उणे असतो: उणे १८ किंवा २० चांगला, आणि उणे २७ च्या आसपास गेला की यंत्र धडपडू लागते. हा आकडा आणि तारीख यंत्राच्या पाठीवर मार्करने लिहून ठेवावी. पुढे वेग कमी झाला किंवा लाल दिवा लागला, तर नव्या मोजणीशी ताडून बिघाड घरात आहे की बाहेर, हे लवकर कळते.

मृगाचा पहिला मोठा पाऊस पडला की दुसऱ्या दिवशी घरात आतल्या बाजूने भोकाभोवतीच्या भिंतीवर हात फिरवून पाहावा. ओल लागली, तर बाहेरचे वळण आणि सिलिकॉन तपासून, भिंत कोरडी झाल्यावर भोक पुन्हा बुजवावे.