कादंबरीचे बीज आणि घडण : ‘बनगरवाडी’च्या अनुषंगाने

१

प्रादेशिक कादंबरीचे अध्यापन करताना एक प्रश्न हमखास पुढे येतो : कादंबरीतील गाव प्रत्यक्षात कोणते आणि त्यातील माणसे मुळात कोण? हे मूळ हाती लागले की निर्मितीचा उलगडा झाला, असा समज या प्रश्नामागे असतो. वास्तविक लेखकाला काय सापडले आणि सापडलेल्याचे त्याने काय केले, हे दोन भिन्न प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर चरित्रात मिळते. दुसऱ्याचे मात्र कलाकृतीतच शोधावे लागते. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) या दृष्टीने विचारात घेण्यासारखी आहे.

नीरेकाठच्या खंडाळ्यापासून पूर्वेकडे फलटण, माण, खटाव आणि पुढे सांगली जिल्ह्यातील आटपाडी, जतपर्यंत पर्जन्यछायेचा पट्टा पसरलेला आहे. दुष्काळ, मेंढरांमागची भटकंती, पोटासाठी गाव सोडणे हा तेथील पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. ही सामग्री या भागातील प्रत्येकालाच उपलब्ध होती. त्यामुळे केवळ सामग्रीने कादंबरीच्या जन्माचे स्पष्टीकरण होत नाही.

२

माडगूळकरांचा जन्म १९२७ चा, माडगुळे येथील. हा आटपाडीचा परिसर त्या काळी औंध संस्थानात होता. तरुण वयात त्यांनी काही काळ शाळामास्तराचे काम केले. १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘माणदेशी माणसं’मध्ये या जगाचे पहिले दर्शन घडते. तेथे प्रत्येक माणूस स्वतंत्र आहे. त्याचे दैन्य, स्वाभिमान, लकबी थोडक्या रेषांत उभ्या राहतात आणि चित्र संपते. ‘झेल्या’सारख्या व्यक्तिचित्रात मास्तर आणि विद्यार्थी यांचे नातेही येऊन गेलेले आहे. म्हणजे माणसे, भूमी आणि मास्तराची दृष्टी हे ‘बनगरवाडी’चे घटक लेखकाच्या हाती आधीपासूनच होते. तरीही तेवढ्याने कादंबरी झाली नव्हती. व्यक्तिचित्रांची संख्या वाढवून कादंबरी होत नाही. त्यांना परस्परांत गुंतविणारे सूत्र लागते.

हे सूत्र माडगूळकरांना दोन निर्णयांतून गवसलेले दिसते. पहिला निर्णय निवेदकाचा. लेखक माणदेशचाच; परंतु राजाराम विठ्ठल सौंदणीकर हा त्यांचा मास्तर वाडीवर परका म्हणून येतो. परकेपणामुळे त्याला, आणि त्याच्याबरोबर वाचकाला, प्रत्येक गोष्ट नव्याने पाहावी लागते. कारभाऱ्याची मर्जी, आनंदा रामोशाचा उचलेपणा, दादू बालट्याचा विरोध यांचा अर्थ त्याला हळूहळू लागतो. जे लेखकाला परिचित होते ते त्याने निवेदकासाठी अपरिचित केले. मूळ व्यक्तींच्या शोधात नेमके हेच परिवर्तन नजरेआड होते.

दुसरा निर्णय मध्यवर्ती पात्राचा. ‘बनगरवाडी’त रूढ अर्थाने नायक नाही, वाडी हीच नायक आहे. ओस शाळा भरू लागते, मास्तरावर विश्वास बसतो, सर्वांच्या श्रमातून तालीम उभी राहते, औंधचे राजे तेथे येतात. आणि पुढे दुष्काळ पडून वाडी उठून जाते. जमणे आणि विखुरणे या एका आलेखावर सुटे प्रसंग बसविल्यामुळे त्यांना अर्थ प्राप्त होतो. बैलाच्या जोडीला स्वतः जू खांद्यावर घेणारी शेकूची बायको व्यक्तिचित्रात आली असती, तर कारुण्याचा एक क्षण ठरली असती. कादंबरीत ती साऱ्या वाडीच्या चिवटपणाचे रूप होते.

याला काळाच्या अंतराचीही जोड आहे. औंध संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हा तीत चित्रित झालेली राजवट इतिहासजमा झाली होती. अनुभव ताजा असताना व्यक्ती दिसतात. तो मागे पडल्यावर त्याचा आकार दिसू लागतो, असे यावरून म्हणता येईल.

३

बीज नेहमी स्वानुभवाचेच असते, असे मात्र नव्हे. त्याच जिल्ह्यातील वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांच्या ‘फकिरा’चे (१९५९) बीज समाजाच्या आणि कुटुंबाच्या स्मृतीत आहे. फकिराचा पराक्रम लेखकाने ऐकला, पाहिला नाही. लेखक मुळात शाहीर. त्यामुळे ऐकीव शौर्यकथेला पोवाड्याचा आवेश आणि गती मिळणे स्वाभाविक होते. तेथे परका निवेदक अवतरला असता, तर कथेचा कणाच मोडला असता. बीजाच्या जातीनुसार घडण बदलते, ती अशी.

हेन्री जेम्सने ‘द स्पॉइल्स ऑफ पॉइन्टन’च्या प्रस्तावनेत याच प्रक्रियेची एक वेगळी बाजू नोंदविली आहे. जेवणाच्या टेबलावर शेजारणीने सहज सांगितलेल्या एका हकिगतीतून त्याला कथाबीज मिळाले. परंतु ती तपशील सांगत राहिली, तेव्हा पुढचे ऐकणे त्याला नकोसे झाले. वास्तवाचा अतिरिक्त तपशील बीजाच्या वाढीस बाधक ठरू शकतो, हा त्याचा इशारा. माडगूळकरांपाशी तपशील विपुल होता. त्यांचे कौशल्य तो गाळण्यात आहे.

४

या विवेचनाचे महत्त्व केवळ निर्मितिप्रक्रियेपुरते नाही. ग्रामीण आणि दलित लेखकांच्या कृती ‘अस्सल’, ‘जिवंत’ अशा विशेषणांनी गौरविल्या जातात, आणि त्यांच्या अभ्यासात अनेकदा चालीरीती, बोलीतील शब्द व मूळ स्थळे यांच्या याद्या तेवढ्या तयार होतात. अशा गौरवात लेखकाचे कर्तृत्व नाकारलेले असते. जणू भूमीनेच लिहिले आणि लेखक नुसता लेखनिक होता. नागर लेखकाच्या बाबतीत रचनेचा प्रश्न विचारायचा आणि माणदेशच्या किंवा वाटेगावच्या लेखकाला केवळ पुराव्याचा प्रश्न विचारायचा, हा समीक्षेतील पंक्तिप्रपंच होय.

म्हणून ‘मूळ कोण?’ या प्रश्नाला ‘काय बदलले आणि का?’ या प्रश्नाची जोड देणे आवश्यक ठरते. ‘माणदेशी माणसं’ आणि ‘बनगरवाडी’ शेजारी ठेवून वाचल्यास विद्यार्थ्याला त्याचे उत्तर स्वतःच शोधता येईल. बीज माणदेशातल्या कोणाच्याही अंगणात पडलेले होते. वाडी माडगूळकरांनी वसविली.