भूकंपोत्तर मदतकार्यातील समन्वय : किल्लारीच्या अनुभवाच्या संदर्भात

प्रस्तावना

मोठ्या भूकंपानंतर 'मदत पोहोचली नाही' अशी तक्रार सर्वत्र ऐकू येते. तथापि, मोठ्या भूकंपांचे अनुभव तपासले असता असे दिसते की, पहिले काही दिवस सरल्यावर साहित्याच्या टंचाईइतकीच माहितीची टंचाईही जाणवते. कोणत्या गावाला काय हवे आहे, ते कोणाजवळ आहे आणि ते पोहोचविण्याची जबाबदारी कोणाची, या तीन प्रश्नांची उत्तरे वेळीच एकत्र आणणे म्हणजे समन्वय होय. १९९३ च्या किल्लारी भूकंपाच्या आधारे या प्रक्रियेचे स्वरूप स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

आपत्तीचे स्वरूप

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांच्या सीमाभागात ६.२ परिमाणाचा भूकंप झाला. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपी गेली होती. तत्कालीन भूकंपप्रवणता नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या विभागात गणला जात असे. परिणामी अशा आपत्तीची पूर्वतयारी प्रशासनाजवळही नव्हती आणि ग्रामस्थांजवळही. घरांच्या भिंती जाडजूड दगडांच्या, पण मातीत रचलेल्या होत्या. वर लाकडी तुळयांवर मातीचा थर घातलेले माळवद होते. उन्हाळ्यात गारवा देणारी हीच रचना त्या पहाटे प्राणघातक ठरली. सुमारे ८,००० माणसे मृत्युमुखी पडली आणि सुमारे १६,००० जखमी झाली. किल्लारी, मंगरूळ, सास्तूर, होळी अशी अनेक गावे जमीनदोस्त झाली.

समन्वयाचे तीन टप्पे

पहिला टप्पा बचावाचा. ढिगाऱ्याखालील व्यक्ती जिवंत सापडण्याची शक्यता तासागणिक घटत जाते. लष्कर व राज्य राखीव पोलीस दल येईपर्यंत हाती लागेल त्या टिकाव-फावड्याने माणसे बाहेर काढतात ती शेजारीपाजारीच. कोणत्या घरात किती माणसे झोपतात, कोण परगावी गेले आहे, हे त्यांनाच ठाऊक असते. म्हणून बाहेरून आलेल्या पथकाने प्रथम गावकऱ्यांना विचारणे, ही औपचारिकता नसून बचावकार्याची पहिली पायरी आहे.

दुसरा टप्पा वाटपाचा. किल्लारी परिसरात शासनाबरोबर स्वयंसेवी संस्था, उद्योगसमूह, धार्मिक संस्था व असंख्य व्यक्ती धावून आल्या. मात्र अशा वेळी मदतीची वाहने, मान्यवरांचे दौरे आणि बघ्यांची गर्दी एकाच अरुंद रस्त्यावर येतात. नाव गाजलेल्या व रस्त्यालगतच्या गावांत साहित्य साचते; आडवळणाची वस्ती मागे राहते. ताडपत्री व औषधे हवी असतात, तेथे जुन्या कपड्यांचे ढीग पडतात. २०१५ च्या नेपाळ भूकंपातही हीच अडचण वेगळ्या रूपात दिसली. काठमांडूच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर एकच धावपट्टी असल्याने तेथे मदतीच्या विमानांची कोंडी झाली. यावर उपाय म्हणजे गावनिहाय गरजांची एकच यादी, ती दररोज अद्ययावत करणारी यंत्रणा आणि प्रत्येक गावासाठी जबाबदार धरता येईल असा एक अधिकारी.

तिसरा टप्पा पुनर्वसनाचा. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९४ मध्ये सुरू झालेल्या कार्यक्रमात सर्वाधिक हानी झालेल्या ५२ गावांचे स्थलांतर करण्यात आले. अन्यत्र सुमारे २ लाख घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण हाती घेण्यात आले. स्थलांतरित गावांत घराचे क्षेत्रफळ कुटुंबाच्या जमीनधारणेनुसार २५०, ४०० किंवा ७५० चौरस फूट असे ठरविण्यात आले. सातबारा हा निकष प्रशासनास सोयीचा होता. परंतु ज्यांच्याजवळ जमीन नव्हती, त्यांना सर्वांत लहान घर मिळाले. सरळ रस्त्यांच्या नव्या गावठाणांत गुरांचा गोठा, अंगण आणि भावकीची सलगता यांचा पुरेसा विचार झाला नाही, अशी टीकाही पुढे झाली.

सहभागाचा प्रश्न

दुरुस्तीच्या कामात मात्र वेगळा मार्ग अनुसरण्यात आला. घरमालकाने अनुदान व तांत्रिक मार्गदर्शन घेऊन स्वतःच काम करून घ्यावे, असे ठरले. 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या महिला मंडळांतून 'संवाद सहायक' पुढे आल्या. त्या शासनाची योजना घरोघर समजावून सांगत आणि घरोघरच्या अडचणी अभियंत्यांपर्यंत नेत. २००१ च्या भूजच्या भूकंपानंतर मराठवाड्यातील अशा महिलांनी गुजरातमध्ये जाऊन तेथील भूकंपग्रस्त महिलांना आपला अनुभव सांगितला.

आंतरराष्ट्रीय पातळीवर २००५ मध्ये निवारा, पाणी, आरोग्य अशा प्रत्येक क्षेत्रासाठी एक प्रमुख संस्था नेमण्याची 'क्लस्टर' पद्धत आली. त्याच वर्षीच्या काश्मीर भूकंपानंतर पाकिस्तानात ती प्रथम अवलंबिली गेली. २०१० च्या हैती भूकंपात मात्र या पद्धतीच्या बैठका मुख्यत्वे इंग्रजीत आणि संयुक्त राष्ट्रांच्या तळावर होत. फ्रेंच व क्रेओल बोलणाऱ्या स्थानिक संस्था त्यामुळे दूर राहिल्या. ज्यांच्यासाठी मदत आहे त्यांची भाषाच बैठकीत नसेल, तर उत्तम आराखडाही अपुरा पडतो.

समारोप

किल्लारीच्या वेळी नसलेली कायदेशीर चौकट आज उपलब्ध आहे. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ अन्वये जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्याकडे असून निर्वाचित लोकप्रतिनिधी सहअध्यक्ष असतो. २००२ मध्ये भूकंपप्रवणतेच्या नकाशातून पहिला विभागच रद्द झाला. परंतु कायदा जिल्ह्यापर्यंत पोहोचला, म्हणून तयारी गावापर्यंत पोहोचली असे होत नाही. कुटुंबांची, वृद्ध व अपंग व्यक्तींची, विहिरींची आणि अवजारांची यादी ग्रामपंचायतीने तयार ठेवली व तिची प्रत गावाबाहेर सुरक्षित असली, तर पहिल्या दिवसाचा गोंधळ बऱ्याच अंशी टळू शकेल. या कामाला मोठा खर्च लागत नाही. मात्र ते भूकंपापूर्वीच व्हावे लागते. किल्लारीच्या अनुभवातून घ्यावयाचा हा सर्वांत व्यवहार्य धडा होय.