खसखस आणि अग्निशामकाची नोकरी

अमेरिकेत अग्निशमन दलात शिरू पाहणाऱ्या तरुणाची कसून परीक्षा होते. अनेक शहरांत सुमारे २३ किलोचे जाकीट घालून जिने चढणे, पाण्याची नळी ओढणे अशी आठ कामे १० मिनिटे २० सेकंदांत उरकावी लागतात. एवढे पार पाडून तो लघवीच्या तपासणीत अडला तर?

आपण अनारशाला खसखस लावतो, तिकडे ती पावावर लावतात. खसखस म्हणजे अफूच्या झाडाचे बी. बोंडातला चीक बियांना लागतो आणि त्यातले मॉर्फीन लघवीत उतरते. एवढ्याने नशा होत नाही, पण चाचणीला ते सापडते.

पहिली चाचणी प्रतिपिंडांची. ती झटपट होते, पण मॉर्फीनसारखे दिसणारे इतर रेणूही धरते. म्हणून मास स्पेक्ट्रोमीटरवर रेणूच्या तुकड्यांची वस्तुमाने मोजून आम्ही खात्री करून घेतो. मात्र खसखशीतले मॉर्फीन खरेच मॉर्फीन असल्याने ही खात्रीची चाचणीही ते दाखवणारच!

मग उपाय काय? १९९८ साली अमेरिकेच्या केंद्र सरकारने आपल्या नोकरचाचण्यांतली मर्यादा मिलिलिटरला ३०० वरून २००० नॅनोग्रॅमवर नेली. शिवाय हेरॉइनपासून शरीरात ६-असिटिलमॉर्फीन तयार होते. खसखशीपासून होत नाही. ते सापडले तर शंकेला जागा उरत नाही.

चाचणी 'काय आहे' ते सांगते. 'कोठून आले' हे आपणच शोधायचे असते. मर्यादा उंच नेली तर काही व्यसनी सुटतील, खाली आणली तर निरपराध अडकतील. ती कोठे ठेवावी? वर्गात हा प्रश्न जरूर विचारून पाहू या.