टाचेचं वळण

मराठी घरात बाळाची चाहूल लागली की सुया बाहेर निघतात. टोपडं, स्वेटर आणि मोजे असा संच बाळंतपणाच्या आधीच तयार असतो, आणि त्यात मोजे सगळ्यात आधी संपतात, कारण ते दोन दुपारींचं काम. इंदूरला बडा गणपती मंदिराच्या आसपासच्या जुन्या मराठी घरांतही हीच रीत. म्हणजे मोजा विणता येणाऱ्या बायका आपल्याकडे भरपूर आहेत. तरी मोठ्या माणसाच्या पायात हातानं विणलेला मोजा क्वचितच दिसतो. आपल्या विणकामात मोजा बाळाच्या पावलापाशीच थांबला. मला याची मनापासून हळहळ वाटते, कारण विणकामातली सगळ्यात हुशार वस्तू मोजाच आहे.

तो का थांबला, याचं उत्तर बरंचसं लोकरीत आहे. बाळ चालत नाही. त्याच्या मोज्याला बाजारातली मऊ अ‍ॅक्रिलिकची ‘बेबी वूल’ चालून जाते. मोठ्या माणसाचा पाय दिवसभर बुटात घासतो, घामेजतो, सगळं वजन टाच आणि चवड्यावर टाकतो. तिथे अ‍ॅक्रिलिकला लवकर गोळे येतात आणि घाम आतच राहतो. खास मोज्यांची लोकर या सगळ्याचा विचार करून कातलेली असते. साधारण 75 टक्के मेरिनोसारखी तलम लोकर आणि 25 टक्के नायलॉन. लोकर ऊब आणि लवचिकपणा देते, नायलॉन झीज सोसतं. तीन-चार पदर घट्ट पिळलेले असतात, कारण सैल पिळाचा धागा टाचेवर पहिल्याच थंडीत विरतो. 100 ग्रॅमच्या गुंड्यात 400 मीटरच्या आसपास धागा भरतो आणि त्यात मोठ्या माणसाचा एक जोड होतो. रंगांची गंमत वेगळीच. काही धागे असे रंगवतात की गोल विणत गेलं की पट्टे आपोआप पडतात. पुढचा रंग कधी येतो या ओढीनं ‘एवढी एक ओळ’ म्हणत रात्री किती वाजले याचं भान राहत नाही.

लोकर हा विषय इंदूरला परका नाही. बडा गणपतीची पंचवीसेक फुटी मूर्ती ज्या मल्हारगंजात आहे, त्याला नाव मल्हारराव होळकरांचं, आणि होळकर म्हणजे नीरेकाठच्या होळ गावचं धनगर घराणं. या शहराचे राजेच मेंढरं राखणाऱ्यांतले. पण दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि राठ. तिची घोंगडी पावसाला दाद देत नाही, पण तीच लोकर मोज्यात घातली तर पायाला टोचते. तंतूची जाडी 30 मायक्रॉनच्या आसपास गेली की कातडीला खुपायला लागतं, तलम मेरिनो त्याच्या बरीच खाली असते. पुढे इंदूरचं नाव झालं ते कापसावर, हुकुमचंद मिलसारख्या गिरण्यांवर. ती मिल 1991 साली बंद पडली, तरी कापडाची ओढ शहराच्या अंगात आहेच. सुताचा मोजा मात्र ताणला की ताणलेलाच राहतो आणि ओला झाला की ओलाच. लोकर स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी वाफ शोषूनही कोरडी लागते आणि ताण सुटला की पुन्हा पायाला बसते. जगातल्या सगळ्यात जुन्या विणलेल्या मोज्यांपैकी काही मध्ययुगीन इजिप्तचे, निळ्या-पांढऱ्या सुताचे आहेत. त्या विणकरांनी सुतातही हे काम साधलं, याचं मला फार कौतुक वाटतं.

आता टाच. मोज्याचा सगळा जीव तिच्यात.

बाळाचा मोजा बहुतेक जणी दोन सुयांवर सपाट विणतात आणि मागून शिवतात. मोठा मोजा पाच बारीक सुयांवर गोल विणायचा. चार सुयांवर टाके, पाचवीनं विणायचं. मध्यम पावलाला इंचाला आठच्या हिशेबानं 64 टाके घ्या. वर दोन सुलट, दोन उलट अशी बॉर्डर, खाली घोट्यापर्यंत सरळ सुलट. तिथे 32 टाके थांबवून ठेवायचे आणि उरलेल्या 32 वर पुढे-मागे विणत टाचेची पट्टी करायची. सुलट बाजूनं एक टाका न विणता उचलायचा, एक विणायचा, त्यामुळे पट्टी दुहेरी जाड होते. 32 ओळी झाल्या की वळण. ओळ पुरी न करता मध्यापलीकडे दोन टाके जायचं, म्हणजे 18 विणायचे, दोन एकत्र करायचे, एक विणायचा आणि उलटं फिरायचं. मागच्या बाजूनंही तसंच. दर ओळीला एकेक टाका पुढे जायचं. अशा थोड्या ओळींत 32 चे 18 होतात आणि सपाट पट्टीला खोलगट वाटी येते. कुठे शिवण नाही, कुठे काप नाही. पहिल्यांदा विणणारीला हे होताना दिसतं, तरी पटत नाही.

मग पट्टीच्या दोन्ही कडांवरून 16-16 टाके उचलायचे. थांबवलेले 32 धरून सुयांवर 82 होतात. एक ओळ सोडून एक, दोन्ही बाजूंना एकेक टाका कमी करत नऊ वेळात पुन्हा 64. पायाचा चढाव नेमका याच तिरक्या रेषेत बसतो. पुढे तळवा, चवड्याशी कमी करत जायचं आणि शेवटचे टाके दाभणानं असे गुंफायचे की जोड हाताला लागत नाही. या गुंफणीला ब्रिटनचे युद्धमंत्री लॉर्ड किचनर यांचं नाव चिकटलं आहे. पहिल्या महायुद्धात सैनिकांसाठी मोजे विणण्याची तिथे मोठी मोहीम होती, आणि दिवसच्या दिवस बुटात असलेल्या पायाला बोटांवरची शिवण जखम करते.

एका मोज्यात दहा हजारांवर टाके जातात. 1589 साली विल्यम लीनं मोजे विणायचं यंत्र केलं, आज कारखान्यातलं यंत्र काही मिनिटांत मोजा बाहेर टाकतं, मग हातानं कशाला, असं कोणी विचारतंच. यंत्राचा मोजा ठरावीक मापांचा. वडिलांचा रुंद चवडा, आजीचा सुजलेला घोटा, धाकट्याची अरुंद टाच, यांना हाताचा मोजा लागतो. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच. मालव्यातली डिसेंबर-जानेवारीची रात्र दहा अंशांखाली सहज उतरते. पहाटे काकडत उठणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या पायाला बेतून विणलेला मोजा किती सुख देतो, ते त्यालाच विचारावं.

ज्यांना बाळाचा मोजा येतो त्यांनी लगेच सुरुवात करावी. 2.5 मिलिमीटरच्या पाच सुयांचा संच घ्यावा. पावलाचा घेर सर्वात रुंद जागी मोजून त्यातून दहावा भाग वजा करावा. मोजा किंचित तंग असला तरच घसरत नाही. खास मोज्यांची लोकर मिळाली नाही तर घट्ट पिळाची, बारीक, शुद्ध लोकर घ्यावी आणि टाच व चवडा विणताना त्याच रंगाचा नायलॉनचा बारीक धागा सोबत धरावा. लोकरीतला हातभर धागा बाजूला ठेवावा, पुढे रफू करायला लागतो. आणि एक मोजा संपला की त्याच संध्याकाळी दुसऱ्याचे टाके घालून टाकावेत.