ब्रश कोणाच्या हातात?

१९४९ साली शंकर यांनी बाबासाहेबांना संविधानरूपी गोगलगायीवर बसवले आणि मागे चाबूक घेतलेले नेहरू काढले. २०१२ मध्ये हेच चित्र एनसीईआरटीच्या पाठ्यपुस्तकात असल्यावरून संसद गाजली. पण निषेधाबरोबर उत्तरही हवे. ते उन्नमती श्याम सुंदर यांनी दिले. स्वतः व्यंगचित्रकार असलेल्या या आंबेडकरी अभ्यासकाने जुनी वर्तमानपत्रे चाळून १९३२ ते १९५६ या काळातील बाबासाहेबांवरची शंभराहून अधिक व्यंगचित्रे जमवली आणि प्रत्येकामागचा प्रसंग व पूर्वग्रह उघडा केला. २०१९ मध्ये 'नो लाफिंग मॅटर' हे पुस्तक आले.

डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. आपण मोर्चे काढतो, खटले लढतो. पण चित्र कोण काढणार? कलम १९ ब्रशलाही लागू आहे. परभणीच्या पोरांनो, ब्रश उचला!