लांबच्या वाटेनं लवकर

ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियानं आपल्या दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमानाची वाट बदलली. आधी ते अटलांटिकवरून जायचं; अंतर सुमारे १३,९०० किलोमीटर. नवी वाट पूर्वेकडून, पॅसिफिकवरून, सुमारे १५,३०० किलोमीटरची. म्हणजे चौदाशे किलोमीटर जास्त! तरीही विमान साडेचौदा तासांत पोहोचलं, आधीपेक्षा जवळजवळ दोन तास लवकर.

हे कोडं उलगडायची सुरुवात पृथ्वीचा गोल आणि शिवणाचा दोरा घेऊन करता येते. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर दाबून धरायचं, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणायचा. भिंतीवरच्या नकाशात पट्टी ठेवून रेघ मारली, तर ती अरबस्तान आणि सहारा ओलांडून जाते. गोलावरचा दोरा मात्र आपसूक उत्तरेला सरकतो. अफगाणिस्तान, रशिया, नॉर्वे, आइसलँड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक अशी त्याची वाट. सर्वांत जवळची वाट हीच, साधारण साडेबारा हजार किलोमीटर. नकाशातली ‘सरळ’ रेघ हजारावर किलोमीटरनं लांब पडते. दोन विमानतळांमधलं अंतर म्हणून जो आकडा सांगितला जातो, तो या दोऱ्याचा.

विमानाला दोऱ्यावरूनच जाता येईल असं नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून युरोप-अमेरिकेला निघालेली विमानं आधी दक्षिणेला, अरबी समुद्राकडे वळू लागली. दोरा तोच राहिला, वाट लांबली.

खरी सत्ता वाऱ्याची. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्याचे झोत वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. विमानाचा वेग हवेच्या संदर्भात ताशी ८५०-९०० किलोमीटर असतो आणि ती हवाच वाहत असते. पूर आलेल्या नदीत प्रवाहाबरोबर पोहणारा आणि प्रवाहाविरुद्ध पोहणारा सारखेच हात मारतात, पण काठावरच्या झाडांवरून कोण किती सरकला ते कळतं. दिल्लीच्या त्या विमानाला हाच झोत पाठीवर मिळाला. फेब्रुवारी २०२० मध्ये अटलांटिकवर वादळ असताना ब्रिटिश एअरवेजचं एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला अवघ्या ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं. एरवी सहा तासांहून जास्त लागतात.

वेळ फक्त वाऱ्यानं ठरत नाही. मुंबई–दिल्लीचं उदाहरण घरचं. अंतर सुमारे १,१४० किलोमीटर. भागाकार केला तर सव्वा-दीड तास. वेळापत्रकात मात्र सव्वादोन तासांच्या आसपास. कारण चाकांना लावलेले ठोकळे काढल्यापासून ते पुन्हा लावेपर्यंतचा सगळा वेळ त्यात धरतात: धावपट्टीपर्यंतची रांग, चढण, उतरण, आकाशातल्या घिरट्या. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकदम वापरता येत नाहीत. ही अडचण प्रवाशाला खिडकीतून दिसत नाही, पण त्याची मिनिटं खाते.

वाऱ्याचा खेळ देशातही दिसतो. हिवाळ्यात पश्चिमेच्या झोतामुळे मुंबईहून कोलकात्याला जाताना वेळ कमी लागतो, परतताना जास्त. पावसाळ्यात पश्चिमेचा झोत हिमालयापलीकडे सरकतो आणि दक्षिण भारताच्या माथ्यावर पूर्वेकडून वारे सुरू होतात. १९५० च्या दशकात पी. कोटेश्वरम या भारतीय हवामानशास्त्रज्ञानं पूर्वेकडून येणाऱ्या या झोताचा अभ्यास मांडला. आसनापुढच्या पडद्यावर ‘ग्राउंड स्पीड’, म्हणजे जमिनीच्या संदर्भातला वेग, ताशी हजार किलोमीटरपुढे गेलेला दिसला, तर समजावं, वारा पाठीशी आहे.