दवाखान्यातलं पाणी आणि फुप्फुसाचा ताप



घरातलं माणूस आजारी पडलं की पोलादपूर असो, महाड असो नाहीतर थेट मुंबई, दवाखान्यात त्याच्या उशाशी बसायला बहुतेक वेळा बाईच असते. म्हणून आजचा विषय आपल्या कामाचा. कधीकधी माणूस एका दुखण्यासाठी दाखल होतो आणि आठवड्याभरात तिथेच त्याला न्यूमोनिया होतो. त्याची कारणं पुष्कळ. त्यातलं एक पाण्याच्या टाकीत आणि नळात लपलेलं असतं. त्या आजाराचं नाव लीजनेअर्स.

नाव असं का? १९७६ च्या जुलैमध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात 'अमेरिकन लीजन' या माजी सैनिकांच्या संघटनेचा मेळावा भरला होता. त्यानंतर माणसं तापाने, न्यूमोनियाने आजारी पडू लागली. ३४ जण दगावले. जंतू सापडायला १९७७ चा जानेवारी उजाडला. पुढे १९८५ साली इंग्लंडमध्ये स्टॅफर्ड गावी २८ माणसं गेली. शोध घेतला तेव्हा मूळ निघालं नव्या इस्पितळाच्याच छतावर, वातानुकूलन यंत्रणेच्या कुलिंग टॉवरमध्ये.

हा जंतू ओढ्या-नद्यांत थोडाफार असतोच. पण साधारण २० ते ४५ अंश उष्णतेचं कोमट, साचलेलं पाणी मिळालं की तो झपाट्याने वाढतो. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये गच्चीवरची काळी टाकी किती तापते, ते आपण जाणतोच. टाकीतला गाळ, पाइपातला बुळबुळीत थर आणि महिनोन् महिने न उघडलेला नळ, या त्याच्या आवडत्या जागा.

तो अंगात शिरतो श्वासावाटे. शॉवर, कुलिंग टॉवर, वाफेचं मशीन यांतून पाण्याचे अगदी बारीक तुषार उडतात, ते फुप्फुसात जातात. क्वचित पाणी पिताना ठसका लागून ते श्वासनलिकेत गेलं तरी लागण होते. रुग्णाजवळ बसल्याने मात्र हा आजार सहसा लागत नाही. तेव्हा त्याला वाळीत टाकू नका.

धोका जास्त कोणाला? पन्नाशी ओलांडलेले, विडी-सिगारेट ओढणारे, मधुमेही, दमेकरी आणि ज्यांची प्रतिकारशक्ती कमी झाली आहे ते. लागण झाल्यावर बहुधा २ ते १० दिवसांत जोराचा ताप, खोकला, धाप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू होते. कधी जुलाब होतात, कधी माणूस बरळतो. लघवीच्या आणि बेडक्याच्या तपासणीत निदान होतं. पेनिसिलीनसारखी औषधं इथे चालत नाहीत, वेगळी अँटिबायोटिक लागतात. म्हणून डॉक्टरांना तारखेसकट सांगा: "दाखल केलं तेव्हा ताप नव्हता, अमुक दिवसापासून आला." तपासाची सुरुवात तिथूनच होते. रुग्ण कुठल्या खोलीत होता, कुठे आंघोळ केली, वाफ घेतली का, हे विचारतात. मग तिथलं पाणी तपासून, रुग्णातला आणि पाण्यातला जंतू एकच आहे का ते जुळवतात.

आता टाळायचं कसं? टाकी झाकलेली हवी. ती वेळोवेळी घासून धुवायची, पाण्यात क्लोरीन पुरेसं ठेवायचं. गरम पाण्याची टाकी ६० अंशांवर ठेवायची, मात्र वापरताना भाजणार नाही याची काळजी घ्यायची. बंद खोलीतले नळ आठवड्यातून एकदा तरी काही मिनिटं सावकाश सोडायचे. आपल्याकडे उन्हाळ्यात पाण्याची टंचाई, म्हणून ते पाणी बादलीत धरून संडासात वापरावं. वाफेच्या मशीनमध्ये आणि ऑक्सिजनच्या बाटलीत नळाचं पाणी कधीच घालू नये, तिथे निर्जंतुक पाणीच हवं. घरी नेब्युलायझर असेल तर हाच नियम.

२०२१ च्या जुलैत सावित्रीचा पूर महाडात शिरला, तेव्हा पुराचं पाणी ओसरल्यावर लेप्टोबद्दल आपण सावध झालो. पण टाकीतलं पाणी स्वच्छ दिसलं की आपण निर्धास्त होतो. सरकारी रुग्णालयांत रुग्ण कल्याण समिती असते. बचत गटातल्या बायांनी तिथे भांडणाच्या सुरात नव्हे, आपुलकीने विचारावं: टाकी शेवटची कधी धुतली? तारीख लिहून ठेवता का? वापरात नसलेले नळ कोण सोडतं?

पाण्याला घाबरायचं नाही. साचलेल्या पाण्यावर मात्र नजर ठेवायची. आपला माणूस बरा होऊन घरी यावा, एवढ्यासाठीच तर आपण उशाशी बसतो.